अपूर्णांकांचा प्रयोग: माझा ‘एन’ ७९ की २?

अर्धवट_संशोधक

नमस्कार. शिक्षणशास्त्रात पीएचडी करते आहे, तिसरं वर्ष. त्याआधी बरीच वर्षं गणित शिकवलं. संख्याशास्त्र कामापुरतं येतं, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये कुठलं बटण दाबायचं ते येतं.

विषय असा: सहावीच्या मुलांना अपूर्णांक वर्तुळाचे तुकडे करून दाखवण्याऐवजी संख्यारेषेवरून शिकवले तर समज वाढते का? वर्तुळांवर वाढलेली मुलं ७/४ बघून विचारतात, “चारातले सात कसे घेणार?” तिथून हे डोक्यात शिरलं.

पायलट म्हणून एका शाळेत अ तुकडी (४१ मुलं) मी संख्यारेषेवरून शिकवली. ब तुकडी (३८ मुलं) तिथल्या शिक्षकांनी नेहमीसारखी शिकवली. तीन आठवड्यांनी २५ गुणांची चाचणी घेतली. अ ची सरासरी १७.३, ब ची १४.८, प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) दोन्हीकडे ५ च्या आसपास. टी-चाचणीचा टी २.२२, पी ०.०३ (पद्धतींत फरक नसतानाही नुसत्या योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता ३ टक्के). मी खूश.

मग विभागातल्या चर्चेत हे मांडलं. मागच्या बाकावरून एक बाई म्हणाल्या, “तुमचा एन ७९ नाही, २ आहे.” एन म्हणजे नमुन्यातल्या स्वतंत्र नोंदींची संख्या. मला वाटलं थट्टा करताहेत, मी हसले. बाकी कोणी हसलं नाही.

आता मुख्य प्रयोगासाठी सहा शाळा मिळाल्यात, प्रत्येकीत सहावीच्या दोन तुकड्या, तुकडीत साधारण ३५ मुलं. एकूण ४२०. मार्गदर्शक म्हणतात, ३८४ च्या वर गेलीस ना, मग झालं, तक्त्यात तेवढेच लागतात. त्या बाईंचं खरं धरायचं तर माझा एन १२ होतो. कोणाचं बरोबर? आणि १२ असेल तर हा प्रयोग करण्यात अर्थ आहे का?

झटपट_उत्तर

एवढं काही नाही त्यात. पूर्वचाचणी घ्या, ॲन्कोव्हा (आधीचे गुण हिशोबात धरून गटांची तुलना) लावा, तुकड्यांमधला मूळचा फरक आपोआप निघून जातो. माझा प्रबंध असाच झाला, दोन तुकड्यांवरच. व्हायव्हात कोणी विचारलंसुद्धा नाही.

सरासरीचा_माणूस

व्हायव्हात कोणी विचारलं नाही हे खरं असेल. निष्कर्ष बरोबर होता की नाही, ते त्यावरून कळत नाही.

ताई, बाईंचं बरोबर आहे. आणि हो, १२ असूनही प्रयोग करण्यात अर्थ आहे. सविस्तर सांगतो, कारण याच खड्ड्यात मी स्वतः पडलोय.

ब तुकडीच्या शिक्षकांनी एखाद्या दिवशी फळ्यावर समच्छेद करताना चूक केली असं समजा. ती ३८ वह्यांत उतरली. आता ३८ मुलं तेच गणित चुकली, तर तो ३८ वेळा मिळालेला पुरावा की एकदाच मिळालेला? एका तुकडीतल्या मुलांना शिक्षक एक, तास एक, गोंगाट एक. म्हणून त्यांचे गुण एकमेकांना धरून चालतात. किती धरून चालतात त्याचं माप म्हणजे आयसीसी. ते शून्य असतं, तर तुमचा एन खरोखर ७९. ते १ असतं, म्हणजे सगळी मुलं एकमेकांची झेरॉक्स, तर एन २. खरा आकडा मधे कुठेतरी आहे, पण दोन्ही बाजूंना एकेकच तुकडी असल्यामुळे तो कुठे आहे हे तुमच्या पायलटवरून काढताच येत नाही. शिवाय अ तुकडीला नवी पद्धतही मिळाली आणि नव्या शिक्षिकाही (तुम्ही!). फरक रेषेमुळे पडला की तुमच्यामुळे, हे सांगू शकेल अशी चाचणी जगात नाही. झटपटराव, ॲन्कोव्हालाही ते जमत नाही.

एकाच शाळेतल्या दोन तुकड्यांत, नवी पद्धत वगैरे काही नसताना, किती फरक पडू शकतो ते पाहा. एकूण चढउतारांपैकी ८ टक्के भाग तुकडीमुळे येतो असं धरलं, तर तुमच्या २५ गुणांच्या चाचणीत दोन-अडीच गुणांचा फरक नुसता तुकडी बदलल्यामुळे सहज पडतो. तुमचा फरक आहे २.५. म्हणजे तो पी ०.०३ तुम्ही विसरून जा. मोजलेल्या सरासऱ्या खऱ्याच आहेत. फक्त ७९ जणांची स्वतंत्र साक्ष म्हणून त्या वापरता येणार नाहीत.

आता ते ३८४. हा आकडा पाहिला की मला घाम फुटतो. तो १९७० च्या क्रेजी आणि मॉर्गन यांच्या तक्त्यातला. लोकसंख्या दहा लाख असेल आणि त्यातले किती टक्के लोक हो म्हणतात हे ५ टक्क्यांच्या चुकीच्या आत सांगायचं असेल, तर साध्या यादृच्छिक नमुन्यात ३८४ माणसं लागतात. तो सर्वेक्षणाचा तक्ता आहे. तुम्हाला टक्केवारी काढायची नाही, दोन पद्धतींमधला फरक पकडायचा आहे, आणि मुलं एकेक करून निवडलेली नाहीत, गठ्ठ्यांनी आली आहेत. त्या तक्त्याचा तुमच्या प्रयोगाशी काडीचाही संबंध नाही. मार्गदर्शकांना हे कसं सांगायचं ते तुम्ही ठरवा, मी त्या वाटेला जात नाही.

गठ्ठ्यांचा हिशोब एका ओळीचा आहे. गठ्ठ्यातल्या मुलांच्या संख्येतून १ वजा करा, आयसीसीने गुणा, १ मिळवा. नमुना तितक्या पटींनी पातळ होतो. ३५ मुलं आणि आयसीसी ०.२ धरली, तर ३४ गुणिले ०.२, अधिक १, म्हणजे ७.८. तुमची ४२० मुलं ५४ मुलांच्या मोलाची उरली. (०.२ मी हवेतून आणलेली नाही. अमेरिकेतल्या मोठ्या परीक्षांमध्ये शाळा पातळीवर त्याच्या आसपासची मूल्यं मिळाली आहेत.) अशा १२ तुकड्यांमध्ये सरसकट चिठ्ठ्या टाकल्या, तर पद्धतीचा परिणाम निदान ०.८५ प्रमाण विचलनाचा असेल तरच तो पाचात चार वेळा तुमच्या हाती लागेल. शिक्षणात एवढा परिणाम क्वचितच दिसतो.

माझी गोष्ट थोडक्यात. वाचनाच्या एका कार्यक्रमाचं मूल्यमापन केलं होतं, सहा शाळा, तीन इकडे तीन तिकडे, १,१०० मुलं. पी ०.०००१ आला आणि अहवालाच्या पहिल्या पानावर मी तो ठळक अक्षरांत छापला. तपासणाऱ्याने समासात पेन्सिलीने एवढंच लिहून परत पाठवला: “सहातून तीन निवडण्याचे प्रकार किती?” वीस. म्हणजे माझ्या तिन्ही शाळा बाकीच्या तिन्हींपेक्षा सरस ठरल्या असत्या, तरी नशिबाने तसं होण्याची शक्यता, दोन्ही दिशा धरून, २० मध्ये २. पी ०.१. मुलं अकराशे असोत की अकरा हजार, त्या रचनेत याहून खाली जाताच येत नव्हतं. चिठ्ठी शाळांची टाकली होती आणि मोजणी मी मुलांची करत बसलो होतो. हे काही नवं ज्ञान नव्हे बरं का. १९४० मध्ये लिंडक्विस्ट यांनी शिक्षणातल्या प्रयोगांबद्दल हेच सांगून ठेवलं होतं, आणि १९७८ मध्ये कॉर्नफील्ड यांनी अशा विश्लेषणाला सरळ आत्मवंचना म्हटलं.

तुमच्या हातात मात्र माझ्यापेक्षा चांगले पत्ते आहेत: एकेका शाळेत दोन-दोन तुकड्या. प्रत्येक शाळेत नाणं टाका, एका तुकडीला रेषा, दुसरीला वर्तुळ. शाळाशाळांमधला फरक हिशोबातून बाहेर पडतो, कारण तुलना शाळेच्या आतच होते. १९८५ मध्ये अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात वर्गाच्या आकाराचा प्रसिद्ध प्रयोग सुरू झाला, तोही असाच. पहिल्या वर्षी ७९ शाळा, ६,००० हून अधिक मुलं, आणि प्रत्येक शाळेत लहान वर्गही आणि नेहमीचे वर्गही.

आयसीसीच्या ०.२ पैकी ०.१२ शाळेचा भाग आणि ०.०८ तुकडीचा असं धरतो. मग ०.८५ वरून तुम्ही ०.६५ वर येता. त्यात पूर्वचाचणी घातली आणि तिने तुकड्यांमधला ६० टक्के व मुलांमधला ५० टक्के चढउतार समजावला, तर ०.४५. आता गंमत. प्रत्येक तुकडीत मुलं दुप्पट केली, ७०, तर ०.४५ चं होतं ०.४२. तुकडीतल्या फक्त १५ मुलांचीच चाचणी घेतली, तर ०.५२. आणि मुलं तेवढीच ठेवून शाळा सहाच्या दहा केल्या, तर ०.३०. पेपर तपासण्याचे श्रम वाचवा आणि ते शाळा शोधण्यात घाला.

विश्लेषणाला बहुस्तरीय मॉडेल (मुलं तुकडीत, तुकड्या शाळेत, हे हिशोबात धरणारं) वापरा, हरकत नाही, पण इतक्या कमी तुकड्यांना स्वातंत्र्यमात्रांची (हिशोबाला खरोखर किती स्वतंत्र आकडे उरले त्या संख्येची) दुरुस्ती लावल्याशिवाय नको, नाहीतर सॉफ्टवेअर तुम्हाला पुन्हा खूश करेल. मला विचाराल तर प्रत्येक शाळेतल्या दोन सरासऱ्यांची वजाबाकी करा. सहा वजाबाक्या होतील. त्यांच्यावर साधी टी-चाचणी, स्वातंत्र्यमात्रा ५. प्रबंधात हे केविलवाणं दिसेल, पण खरं असेल.

खडूची_धूळ

मी संशोधक नाही, पंचवीस वर्षं फळ्यासमोर उभी आहे. आमच्या शाळेत असे दोन-तीन प्रयोग येऊन गेले, त्या अनुभवावरून विचारते. राग मानू नका.

तुकड्या कशा पाडल्या होत्या? काही शाळांत अ म्हणजे हुशारांची, ब म्हणजे उरलेल्यांची असते, हे तुम्हालाही माहीत असेल.

चाचणी कोणी काढली? त्यात संख्यारेषेचे प्रश्न किती होते?

आणि सरासरीराव, एकाच शाळेत दोन्ही पद्धती हे कागदावर छान आहे, पण स्टाफरूम एकच असते हो. आमच्याकडे एका बाईंनी दोरीला चिमटे लावून संख्यारेषा केली, आठवड्याभरात ती दोरी शेजारच्या वर्गात! चोरून नाही, मागून नेली. प्रयोग चालू आहे हे त्या शेजारच्या बाईंना ठाऊक होतं. “मुलांना कळतंय तर का नको?” म्हणाल्या. मला तरी त्यांचं काही चुकलं असं वाटलं नाही.

अर्धवट_संशोधक

खडूताई, तुमचे तिन्ही प्रश्न वर्मी बसले.

तुकड्यांची यादी काढून पाहिली. मागच्या वर्षीच्या गुणांवरून पाडल्या होत्या. अ ची सरासरी ६१ टक्के, ब ची ५२. मी अ घेतली कारण मुख्याध्यापक म्हणाले, “ही मुलं चुणचुणीत आहेत, तुमचं काम सोपं होईल.” झालंच की सोपं.

चाचणी मीच काढली होती. २५ पैकी ७ गुण संख्यारेषेवरच्या प्रश्नांना. काल रात्री बसून वेगळे केले: २.५ च्या फरकापैकी १.६ त्या ७ गुणांतला, उरलेल्या १८ गुणांत मिळून ०.९. ब तुकडीने संख्यारेषा त्या तीन आठवड्यांत पाहिलीही नव्हती. म्हणजे मी इतके दिवस हेच सिद्ध करत होते की जे शिकवलं ते मुलांना आलं आणि जे नाही शिकवलं ते नाही आलं.

सरासरीसर, पूर्वचाचणीने हा ६१-५२ चा प्रकार दुरुस्त होतो का? आणि दोरीचं काय करायचं?

सरासरीचा_माणूस

७ गुण वेगळे काढून पाहिलेत, निम्मे लोक तेवढंही करत नाहीत. मुख्य चाचणीत असे प्रश्न ठेवा जे दोन्ही तुकड्यांना सारखेच परके असतील: दोन अपूर्णांकांत मोठा कोणता, ५/६ आणि ७/८ च्या मधला एखादा सांगा, शाब्दिक उदाहरणं. रेषेचे प्रश्न वेगळ्या भागात ठेवा आणि त्यांचा निकाल वेगळा द्या. मुख्य निकाल कोणत्या भागाचा, हे आधीच लिहून तारीख टाका. आणि पेपर तपासणाऱ्याला वही कोणत्या तुकडीची आहे हे कळता कामा नये.

पूर्वचाचणीने दुरुस्ती होते का? पूर्ण नाही. पूर्वचाचणीत स्वतःचीच चूक असते, कोणाला त्या दिवशी ताप होता, कोणाचा अंदाज लागला. त्यामुळे मुळातच वेगळ्या असलेल्या गटांमधला फरक ती पुरता पुसत नाही, थोडा शिल्लक ठेवते, आणि तो शिल्लक फरक पद्धतीच्या नावावर जमा होतो. त्यावर कडी म्हणजे, अशा गटांत ‘नंतर वजा आधी’ केलं तर एक उत्तर येतं आणि ॲन्कोव्हा केलं तर दुसरं. १९६७ मध्ये लॉर्ड यांनी हा पेच मांडला, त्यावर वाद अजून चालू आहेत. नाणं टाकलं असेल तर दोन्ही मार्ग सरासरीने एकाच उत्तराकडे नेतात आणि ॲन्कोव्हा बहुधा अधिक नेमकं देतं. सारांश, पूर्वचाचणी नाण्याची मदतनीस आहे, तिला नाण्याच्या जागी बसवू नका.

अ हुशार, ब उरलेली, अशी शाळा असली तरी नाणं टाकाच. काही शाळांत रेषा अ ला जाईल, काहींत ब ला. मात्र अशा शाळांत दोन तुकड्यांमधला फरक मी धरलेल्या ०.०८ पेक्षा बराच मोठा असतो, म्हणजे ०.४५ विसरा. सरमिसळ तुकड्या असलेल्या शाळा आधी शोधा. पूर्वचाचणी नाणं टाकण्याआधी घ्या. उलटं केलं तर रेषेच्या तुकडीतले शिक्षक पूर्वचाचणीच्या दिवशीच मुलांना जरा समजावून सांगतात, वाईट हेतू नसतानाही.

आता दोरी. खडूताईंनी माझ्या सुंदर रचनेला भोक पाडलं, ते खरंच आहे. वर्तुळवाल्यांपैकी चौथा हिस्सा मुलांपर्यंत रेषा पोचली, तर ०.४५ चा खरा परिणाम तुम्हाला ०.३४ दिसेल. शाळाच्या शाळा वेगळ्या ठेवल्या तर गळती थांबते, पण मग तुम्ही ०.८५ च्या शेजारी जाऊन बसता, सहा शाळांत ते परवडणार नाही. माझं मत: थोडी गळती पत्करा, तुलना शाळेच्या आतच ठेवा. पण गळती मोजा. आठवड्यातून एकदा दोन्ही वर्गांत जाऊन फळ्यावर आणि पाचेक वह्यांत रेषा आहे का ते टिपा. हिशोब मात्र नाण्याने ज्या तुकडीला जे दिलं त्याप्रमाणेच करायचा, दोरी नेली म्हणून कोणाला इकडून तिकडे हलवायचं नाही.

शेजारच्या बाई गप्प बसाव्यात यासाठी एक युक्ती आहे. त्यांनाही काहीतरी द्या. अर्ध्या तुकड्यांना अपूर्णांक नव्या पद्धतीने, उरलेल्यांना क्षेत्रफळ नव्या पद्धतीने. चाचणी दोन्हींची सगळ्यांना. प्रत्येक तुकडी एका धड्यात प्रायोगिक आणि दुसऱ्यात नियंत्रित. ‘आम्हालाच का जुनं’ ही तक्रारच उरत नाही. अदलाबदलीचा नेहमीचा आराखडा, म्हणजे आधी रेषा मग वर्तुळ, इथे चालणार नाही, कारण एकदा कळलेला अपूर्णांक मुलाच्या डोक्यातून काढून घेता येत नाही.

आणि तुम्ही स्वतः शिकवू नका! दोन्हीकडे त्यांचेच शिक्षक. तुमचं कौशल्य प्रशिक्षणात घाला.

झटपट_उत्तर

वाचतोय. माझा प्रबंध मात्र आता मी कोणाला दाखवणार नाही.

अर्धवट_संशोधक

तीन आठवड्यांनी परत आले, घडलेलं सांगायला.

मार्गदर्शकांना वीसच्या ऐवजी चौसष्टचा हिशोब दाखवला. सहा शाळा, प्रत्येकीत नाण्याचे दोन प्रकार, एकूण ६४. सहाही वजाबाक्या रेषेच्या बाजूने आल्या तर पी ६४ मध्ये २, म्हणजे ०.०३. त्यांनी कागद बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, “मग एक शाळा गळाली तर?” तर ३२ मध्ये २, ०.०६२५. पाचही शाळा एकमुखाने बोलल्या तरी या हिशोबाने ५ टक्क्यांच्या खाली जाता येत नाही. ३८४ चा विषय त्यानंतर निघाला नाही.

आणि एक शाळा खरंच गळाली. नवी पद्धत अ लाच हवी, नाणं नको, असं तिथे ठामपणे सांगितलं. मी आभार मानून बाहेर पडले. मग दारोदार फिरून आणखी दोन मिळवल्या, आता सात आहेत. पाच शाळांत तुकड्या सरमिसळ आहेत, दोन ठिकाणी गुणांवरून. क्षेत्रफळाची युक्ती सगळीकडे आवडली. एका शाळेत तर दुसऱ्या तुकडीच्या बाईंनी आधी विचारलं, “आमचं क्षेत्रफळ कधी सुरू होणार?”

पूर्वचाचणी गेल्या आठवड्यात झाली. सोमवारी पहिल्या शाळेत मुख्याध्यापकांच्या टेबलावर नाणं टाकलं. छापा आला तर अ, असं आधी कागदावर लिहून दोघांनी सही केली होती. काटा आला. सर नाण्याकडे बघत राहिले, मग हळूच म्हणाले, “मॅडम, अजून एकदा टाकून बघू या का?”

मी नाणं पर्समध्ये टाकलं आणि ब चा वर्ग कुठे आहे ते विचारलं.